पहिलं माप

गिरगाव, मुंबई
ता. ७ जानेवारी १९५७

प्रिय सरू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. फुगलेली सरू कशी दिसते ते मला चांगलं ठाऊक आहे. शाळेत बाबांनी तुला उभं केलं की तू अशीच गाल फुगवून खिडकीबाहेर बघायचीस. आता राग सोड आणि पत्र शेवटपर्यंत वाच, कारण काम तुझ्याकडेच आहे.

इथे कोटात, म्हणजे फोर्टात, नव्या चित्रकलेचं एक संग्रहालय निघालं आहे. राजेमहाराजे, तलवारी, जुन्या मूर्ती असलं त्यात काही नाही. आज हयात असलेली माणसं आज जे काढतात तेवढंच. त्याच्या पहिल्याच प्रदर्शनात माझं एक चित्र लागलंय. हो, माझं! दिवसभर कॅलेंडरच्या छापखान्यात लक्ष्मीच्या साडीला रंग भरणाऱ्या कुसुमचं. प्रदर्शन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहे आणि त्यातली थोडी चित्रं संग्रहालय कायमची ठेवून घेणार आहे.

आता दुसरी गोष्ट. लक्ष्मणदादाने चिंचवडच्या शाळेत माझ्यासाठी चित्रकलेच्या बाईंची जागा बघून ठेवली आहे. त्याचं म्हणणं, मुंबईत राहून पुष्कळ वेडीवाकडी चित्रं काढलीस, आता घरी ये आणि मुलींना फुलदाणी काढायला शिकव. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याला उत्तर हवंय. दादा वाईट नाही गं. बाबा गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. पण एकदा ती नोकरी धरली की मी स्वतःसाठी पुन्हा ब्रश हातात घेणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मला अर्धंमुर्धं काही जमत नाही.

तेव्हा तू ये आणि माझं चित्र बघ. ते कशाचं आहे ते मी सांगणार नाही. यादीत त्याचं नाव 'रचना क्रमांक चार' असं आहे, त्यातूनही तुला काही कळायचं नाही. दादाला काय कळवायचं ते तू बघून गेल्यावर ठरवीन. का, ते विचारू नकोस.

दत्तोबांना नमस्कार सांग, आणि बायकोला एक दिवस मुंबईला सोडा म्हणावं. रविवारी वीस तारखेला मी बोरीबंदरला फलाटावर उभी असेन. तात्यांनाही नमस्कार.

तुझी,
कुसुम


पिंपरी
ता. १२ जानेवारी १९५७

प्रिय कुसुम,

सोबत तिळगूळ आहे. पाकिटात त्याचा चुरा झाला असेल तर चुरा खा आणि गोड बोल.

फुगले होतेच. पण तुझं पत्र वाचून गाल आपोआप खाली आले. चित्र लागलं, आणि तेही संग्रहालयात! मी लगेच शेजारच्या छबूबाईंना सांगून आले. त्यांनी आधी तोंडावर हात ठेवला. कारण मागे तू पत्राच्या कोपऱ्यात एक बाई काढून पाठवली होतीस ना, तिचं नाक कुठे आहे ते आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं होतं. छबूबाई शेवटी म्हणाल्या होत्या, "आजारी असंल बिचारी." तेव्हा आता संग्रहालयात कोण कोण आजारी आहे ते बघून येईन.

हे जेवत असताना मी विषय काढला. म्हणाले, "जा की. मला रविवारची सुट्टी न्हाई, तवा एकटीनं जावं लागंल. जमंल का?" मी म्हटलं, गाडी काय मी चालवायची आहे? चिंचवडला हे मला गाडीत बसवून देतील आणि पुढचं तू बघ.

आमचं बरं चाललंय. जमीन कारखान्यात गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ह्यांना बाटल्या धुण्याच्या खात्यात घेतलंय, पगार वेळेवर होतो, चाळीत नळाला पाणी येतं. रडगाणं गाण्यासारखं काही नाही. आपण दोघी जिथे दिवस दिवस खेळायचो ना, तिथे आता सायकलींची शेड आहे. हे रोज तिथेच सायकल लावतात. मला गंमत वाटते. तात्यांना नाही वाटत. ते दारात बसतात तेसुद्धा कारखान्याकडे पाठ करून. स्टेशनावर जायचं झालं तर कारखान्याच्या कुंपणाच्या तारेच्या कडेचा सरळ रस्ता सोडून नदीकडून लांबचा वळसा घालतात. बोलणंही कमी झालंय. सारं आयुष्य त्या जमिनीत गेलं, आता हाताला काम नाही. लेक म्हणून त्यांची मला काळजी वाटते, दुसरं काही नाही.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मास्तरांची पोर आता काय काढती?" मी म्हटलं, मलाच कुठे ठाऊक आहे!

फलाटावर वेळेवर ये. मला शोधत बसायला लावलंस तर आल्या पावली परत जाईन.

तुझी,
सरू


पिंपरी
ता. २३ जानेवारी १९५७

प्रिय कुसुम,

सुखरूप पोचले. हे स्टेशनावर आले होते. तू दिलेला हलवा पहिल्या दिवशीच संपला, आणि डबा धुऊन ठेवलाय तो तुझ्याकडे कधी पोचेल ते देव जाणे.

गेले तीन दिवस नळावर माझंच राज्य आहे. संग्रहालयातला तारेचा घोडा सांगितला, तर कुणाचा विश्वास बसेना. छबूबाई म्हणतात, "तारंचा घोडा? आन् बसायचं कुठं?" मी म्हटलं, बसायचा नाही, बघायचा. तिथले ते दाढीवाले गृहस्थ मला त्या घोड्याबद्दल किती वेळ समजावत होते! इतक्या आपुलकीने सांगत होते की मला कळत नाहीये हे सांगायला जीव होईना. मी आपली मान हलवत राहिले. मग ते म्हणाले, "तुम्हाला बरोब्बर समजलं." मला हसू आवरेना.

सगळंच काही डोक्यावरून गेलं नाही हं. ते नुसतं निळं चित्र मला आवडलं. आमच्या विहिरीत वाकून बघितलं की आत असंच गार निळं दिसायचं. काहींची मात्र कीव आली. एवढं मोठं कापड घेऊन त्यावर एवढासाच ठिपका!

तुझ्या चित्राबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. ते कुठे जायचं ते ठरलं की मग बोलू. तोवर तू विचारू नकोस आणि मी सांगणार नाही. तात्यांनी विचारलं, "काय बगितलं?" त्यांनाही म्हटलं, नंतर सांगते. फक्त एक, दादांना उत्तर द्यायची घाई करू नकोस.

जेवत जा वेळेवर. हाताची हाडं दिसायला लागली आहेत तुझ्या.

तुझी,
सरू


गिरगाव, मुंबई
ता. २८ जानेवारी १९५७

प्रिय सरू,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. घोड्यावर लिहिलंस, दुसऱ्या कुणाच्या निळ्या चित्रावर लिहिलंस, एवढंच काय, ठिपक्यावरही लिहिलंस. माझ्या चित्रावर मात्र 'काही लिहिणार नाही'. मनाला लागू नये म्हणून तू टाळलंस, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

तसं मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या दालनात तू सारखी बडबडत होतीस. माझ्या चित्रासमोर आलीस आणि तुझं तोंड मिटलं ते मिटलंच. मग तू चपला काढून हातात घेतल्यास. मागे दोन बायका हसल्या. मला वाटलं, नव्या चपला लागल्या असतील, बिचारी दमली असेल. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मी पाणी आणायला म्हणून गेले ते खरं तर डोळे पुसायला गेले होते. परत आले तर तू दाराशी जाऊन उभी होतीस. "चल, निघू या," म्हणालीस.

सरू, ते चित्र मी तुझ्यासाठी काढलं होतं. इथल्या कुणाला ते कळलं नाही तरी चालणार होतं. तुला कळलं नाही याचा अर्थ, मी इतकी वर्षं हवेत हात फिरवत होते.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. तू गेल्यावर मंगळवारी संग्रहालयाचे चिटणीस यशवंतराव यांनी मला बोलावून घेतलं. चित्रावर खालच्या बाजूला, जिथे पिवळा रंग संपतो तिथे, एक काळा फराटा उमटलाय. बोटभर लांब. कुणीतरी आपलं घाण बोट चित्राला पुसलं असावं. माझ्या शेजारी रंगराव नावाच्या चित्रकाराचं चित्र आहे. त्याच्या हाताला कायम कोळसा असतो. माझा तोल गेला आणि मी सगळ्यांदेखत त्याला नाही नाही ते बोलले. त्याने टोपी घातली आणि निघून गेला.

यशवंतराव म्हणाले, चित्र घरी न्या, डाग साफ करा, मगच निवडीसाठी विचार होईल. मी चित्र घरी आणलंय. भिंतीला टेकवून ठेवलंय, तोंड भिंतीकडे करून. पण साफ करून काय करायचं? ज्याने बोट पुसलं त्याचं तरी काय चुकलं? त्याला ते बोट पुसायचंच फडकं वाटलं असेल.

येत्या रविवारी मला सुट्टी आहे. सुरी घेऊन सगळा रंग खरवडून काढीन आणि मग दादाला होकाराचं पत्र टाकीन. चिंचवडला आले की तुझ्या घराजवळ राहीन, तेवढंच एक सुख.

तुझ्यावर राग नाही. तू खोटं बोलली नाहीस, यातच तुझं प्रेम आलं.

कुसुम


(कार्ड)
पिंपरी
ता. ३० जानेवारी १९५७

कुसुम,

चित्राला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे. सुरी असेल तिथे ठेवून दे. दादांनाही काही लिहू नकोस. मी पत्र लिहायला घेतलंय, पण ते लांबणार आणि टपाल निघायची वेळ झाली, म्हणून हे कार्ड पुढे धाडते. उघड्या कार्डावर लिहिते आहे, पोस्टमनने वाचलं तर खुशाल वाचू दे: तू गाढव आहेस.

सरू


पिंपरी
ता. ३१ जानेवारी १९५७

गाढव कुसुम हिस,

डाग म्हणे! घाण बोट म्हणे! ते बोट माझं आहे, आणि घाण नव्हतं. तुझ्याकडेच साबणाने हात धुऊन निघाले होते.

आता नीट ऐक. तुझ्या त्या दालनात मी सगळी चित्रं बघत बघत आले, आणि तुझ्या चित्रासमोर आले तर समोर आमचं खळं. मध्ये बैल बांधायचा काळा तिवडा उभा. भोवती शेणाने सारवलेली ती गोल जमीन, बैलांच्या फेऱ्यांनी कडेकडेला फिकी पडलेली. आणि एका बाजूला उफणून झालेली ज्वारीची रास. तुझ्या यादीत त्याला रचना का काय म्हटलंय, पण मला कुणी सांगायची गरजच पडली नाही. तिवड्यावर ती तांबडी वाकडी रेघ होती ना, तिच्याबद्दल तुझे ते दाढीवाले कुणाला तरी सांगत होते की चित्राचा तोल त्या रेघेने साधलाय. कसला तोल! ती माझी रिबीन आहे. नवी कोरी तांबडी रिबीन, तू पुण्याहून आणलेली. मी मिरवायला म्हणून तिवड्याला बांधली आणि पवळ्या बैलाने ती चघळून टाकली. मी रडले, तू हसलीस, आणि मग माझ्याकडे बघून तूही रडलीस. तेवढीशी रिबीन तू इतकी वर्षं मनात ठेवलीस, कुसे!

आणि खळं आठवलं, पण खळ्याची रीत विसरलीस? खळ्यावर पायताण घालून कोण जातं? मी चपला काढल्या नसत्या तर मला माझीच लाज वाटली असती. हसणाऱ्या बायका हसोत. रास पडली की तिथे कुणी बोलतं का? तुला आठवतं, तात्या माप घालायला बसले होते आणि पहिलं माप भरताच तू मोठ्याने "एक!" म्हणून ओरडलीस? पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. तात्यांनी तुला मास्तरांची मुलगी म्हणून मारलं नाही, पण खळ्याबाहेर नेऊन बसवलं होतं. त्या दालनात मी गप्प राहिले ते याच्यासाठी. आणि तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मोठ्याने रडले असते, आणि रडणं तर खळ्यावर मुळीच चालत नाही.

आता काळी रेघ. तुझ्या चित्रासमोर माणसं किती वेळ टक लावून उभी होती ते तू बघितलंस का? एक जाडा गृहस्थ तर डोळ्याला भिंग लावून अगदी नाक टेकेपर्यंत वाकला होता. मला बघवेना. माझी आई राशीच्या पायथ्याशी चुलीतल्या राखेची रेघ ओढायची, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. उघड्यावर पडलेली रास अशीच कशी सोडायची? मुंबईत मी चूल कुठे शोधू आणि राख कुठे शोधू! तू पाणी आणायला गेलीस, पहारेकऱ्याने तोंड फिरवलं, तशी डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि राशीच्या पायथ्याला लावलं. आईची रेघ लांब असायची, माझी बोटभरच झाली. घाई होती.

आणि रास घरात येऊन पडेपर्यंत तिचं कौतुक करायचं नसतं, म्हणून पत्रात लिहिलं नाही. चांगलं होऊ घातलंय, आपल्या तोंडाने बिघडायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. तू त्यातून भलतंच काढलंस. तुझ्या चित्राला हात लावला म्हणून तुझ्या त्या यशवंतरावांना राग आला असेल तर मी त्यांची माफी मागते. तुझी मागत नाही. तू माझी माग.

दृष्ट कशाला लागते गं? चांगल्याला. त्या ठिपक्यावाल्या चित्राला मी काजळ लावलं का?

ते खळं आता कुठेच नाही, कुसुम. मला वाटलं होतं, आता ते फक्त तात्यांच्या डोक्यात उरलंय आणि थोडंसं माझ्या. ते कोटात भिंतीवर टांगलेलं बघितलं तेव्हा मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्या रंगरावांच्या घरी जाऊन ये. तिळगूळ उरला असेल तर घेऊन जा.

तुझी,
सरू


गिरगाव, मुंबई
ता. ६ फेब्रुवारी १९५७

प्रिय सरू,

मागितली. माफी मागितली. हजार वेळा.

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. त्यातलं 'गाढव' आमच्या मालकीणबाईंनी आधी वाचलं आणि मग मला दिलं. पत्र शनिवारी आलं. ते वाचून मी चित्र भिंतीकडून वळवून घेतलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. रेघ बघितली. आता ती डाग वाटेना. इतकी बरोबर जागेवर होती की ती काढायची मी विसरले होते आणि तू आठवण केलीस, असं वाटलं. रंग आठवले आणि रीत विसरले, हे तुझं म्हणणं खरं आहे. मी खळ्यावरची पाहुणी होते. राख कोण ओढतं आणि कशाला, हे पाहुण्याच्या कधी लक्षात येतं?

रंगरावकडे गेले. तिळगूळ संपला होता, चिक्की नेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्याही चित्राला लावायला सांगा की हो बाईंना." इतकं साधं माणूस, आणि मी त्याला काय काय बोलले होते!

यशवंतरावांशी मात्र जमलं नाही. मी चित्र जसंच्या तसं परत नेलं आणि सांगितलं, ही रेघ चित्रातलीच आहे, पुसणार नाही. ते भले गृहस्थ आहेत. चिडले नाहीत, पण म्हणाले, दुसऱ्याच्या बोटाची खूण असलेलं चित्र आम्हाला कायमसाठी निवडता येणार नाही, नियमच आहे तसा. शेवटच्या दिवसापर्यंत ते भिंतीवर राहील, मग घरी न्या. मी बरं म्हटलं. तिथून निघाले तेव्हा वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण रेघ पुसायचं एकदाही मनात आलं नाही.

दादाला नकार कळवलाय. तो चिडेल, महिनाभर बोलणार नाही, मग पुरणपोळ्या घेऊन येईल. त्याची चिंता नाही.

चिंता दुसरी आहे, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला सांगू? नकार तर दिला, पण पुढे काय काढू? परवापासून कोरं कापड ताणून समोर ठेवलंय आणि हात चालत नाही. त्या एका चित्रात माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं संपलं की काय, अशी भीती वाटते. एका चित्रासाठी कुणी नोकरी नाकारतं का? तूच सांग.

एक मागणं आहे. तात्यांना ते दाखवशील? सतरा तारखेपर्यंत ते लागलेलं आहे. न सांगता आण, मी तुला आणलं तसंच.

तुझी,
कुसुम


पिंपरी
ता. १५ फेब्रुवारी १९५७

प्रिय कुसुम,

काल जाऊन आलो. गुरुवारी ह्यांची सुट्टी असते म्हणून कालच जमलं. तू छापखान्यात असणार हे ठाऊक होतं, आणि तात्या मुंबईत मुक्कामाला राहायला काही केल्या तयार होईनात, म्हणून तुला न भेटताच परतलो. रागावू नकोस. तुझा डबा मालकीणबाईंकडे दिलाय.

तात्यांना एवढंच सांगितलं होतं की मास्तरांच्या कुसुमचं चित्र बघायला जायचंय. निघायला उशीर झाला आणि नदीकडून वळसा घालायला वेळ उरला नाही. तारेच्या कडेने जावं लागलं. तात्या खाली मान घालून, स्वतःच्या वहाणांकडे बघत चालले. ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. गाडीतही तात्या बाहेर बघत बसले होते.

संग्रहालयात तारेच्या घोड्यापाशी थांबले. वाकून पायापासून बघितला. म्हणाले, "खुरं बरुबर हायती." मी म्हटलं, हे त्या दाढीवाल्यांना कळवायला हवं.

मग तुझ्या चित्राचं दालन आलं. मी बोट दाखवलं नाही, काही नाही. ते आपले एकेक भिंत बघत चालले होते. चित्र समोर आलं आणि तात्या थांबले. मग मागे सरले, उंबऱ्याबाहेर जाऊन वहाणा काढल्या आणि परत आत आले. पहारेकरी धावत आला. म्हणाला, "बाबा, इथं चपला काढायची जरूर नाही." तात्या त्याला म्हणाले, "तुमाला नसंल. आमाला हाय." तो माणूस साताऱ्याकडचा निघाला. त्याने चित्राकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि बाजूला सरला. मला तर वाटतं, नंतर त्याने स्वतःच्याही काढल्या, पण मी शपथ घेणार नाही.

तात्यांनी माझ्या रेघेकडे बघून मान हलवली. तुझी रिबीन बघून मिशीत हसले. खरंच हसले, कुसुम. मी ते किती दिवसांनी बघितलं. मग उपरणं नीट केलं आणि अगदी हळू, माप घालताना म्हणायचे तसं म्हणाले, "लाभ."

एवढंच. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणतात, धूळ गेली. संग्रहालयात कसली धूळ!

मी तात्यांना सांगितलं की हे चित्र इथे ठेवून घेणार नाहीत, कुसुमच्या घरी परत जायचंय. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "मंग? रास घरीच येती की." झालं, त्यांच्या लेखी तुझा निकाल लागला.

आता खरी गोष्ट ऐक. संध्याकाळी स्टेशनावर उतरलो आणि मी सवयीने नदीकडे वळले, तर तात्या सरळ तारेच्या रस्त्याने निघालेले. सायकलींच्या शेडपाशी थांबले, तार धरली आणि ह्यांना म्हणाले, "दत्तोबा, तू सायकल कुठं लावतोस?" ह्यांनी बोट दाखवलं. तात्या म्हणाले, "तितंच तिवडा व्हता." मग रस्ताभर ते बोलत होते. कुठला बैल कसा होता, कुठल्या साली रास किती मोठी पडली होती, मास्तरांची पोर कुठे बसायची. घरी येईपर्यंत थांबले नाहीत. दोन वर्षांचं साठलेलं निघालं.

तू विचारलंस, एका चित्रासाठी कुणी नोकरी नाकारतं का. मला काय कळतंय त्यातलं? मी आत्ता लिहिता लिहिता तात्यांनाच विचारलं. ते दारात बसलेत, आज तोंड कारखान्याकडे करून. म्हटलं, कुसुम विचारते आहे, आता पुढे काय काढू, हात चालत नाही म्हणते. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, लाभ म्हणून झालं. माप हातात धरून किती येळ बसायचं? दोन येऊ दे म्हणावं."

तुझी,
सरू